तिसऱ्या दशांशापर्यंत

इथल्या पैशाला तीन दशांश असतात.
एका रियालचे हजार बैसे.
सोहारला आले त्या पहिल्या महिन्यात
शेवटचं शून्य लिहायचं राहून जायचं,
आता झोपेतसुद्धा राहत नाही.

बिलाच्या खिडकीतून जिन्सीने दोन कागद सरकवले.
एकावर, रात्री दाखल: खाट, नर्सची देखरेख,
पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके,
नको म्हटलं तरी जेवण.
दोनशे अठरा रियाल, पाचशे बैसे.
दुसऱ्यावर, फुगा बसवून घरी,
सकाळी सहाला परत.
एकशे एकेचाळीस.

फुगा म्हणजे फुगाच.
रबरी नळीच्या टोकाला, पाणी भरलेला.
आत बसून रात्रभर
दार किलकिलं करत राहणारा.
"वाढदिवसाच्या आधीच फुगा," दत्ताराम म्हणाला
आणि कुणी हसलं नाही म्हणून खोकला.

विमा कंपनीचं पत्र पिशवीत होतं:
बाळंतपण योजनेत बसत नाही.
चाळीस आठवडे पाच दिवस. मीही कशातच बसत नव्हते,
ना खुर्चीत, ना टॅक्सीच्या पट्ट्यात.

डॉक्टर बुथैनांनी कागद पाहिलेच नाहीत.
घर किती लांब? अकरा मिनिटं.
जिने किती? एक.
रात्री जागं कोण असेल?
मी दत्तारामकडे पाहिलं, त्याने बुटांकडे.
"तुझ्या बाबतीत दोन्ही चालेल," त्या म्हणाल्या.
चालेल म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

चिपळूणच्या पतपेढीत आठ वर्षं नावे-जमा केलंय,
हात थांबत नाही. औषधाच्या पाकिटावर रेघ मारली.
नावे: टॅक्सी, जाऊन-येऊन.
नावे: भट्टीवरची बुडालेली रात्रपाळी.
नावे: चुकलंच काही तर
इथे पेन अडलं. याचा दर कुणी छापलेला नव्हता.
जमा: सत्त्याहत्तर रियाल, पाचशे बैसे.
तेवढ्यात आईचं तिकीट येतं.
व्हिसा येत नाही, तो भाग वेगळा.

पाच वाजता फुगा बसला. साडेपाचला घरी.
मांडीला चिकटवलेली नळी घेऊन
मी गॅलरीतले कपडे काढले, घड्या घातल्या.
दत्तारामने मेतकूट-भात केला,
शितं कच्ची, तूप मात्र आईसारखं सढळ.
खालून घरमालकीण मरियम आली, बलुची बोलत,
थर्मास आणि मेथीचा डबा घेऊन.
ही नंतर खायची, तिने हाताने सांगितलं, पोर झाल्यावर.
मेथी तीच. कडूपणाही आमच्याकडचाच.
ती गालिच्यावर बसली ती बसलीच,
तिच्या नऊ जणांचे आकडे बोटांवर मोजत.

आठला कळ आली असं वाटलं. नव्हती.
दहाला वाटलं नाही, पण होती.
साडेअकराला फुगा न्हाणीघरात आपोआप निसटला
आणि मरियमने टॅक्सीवाल्या पुतण्याला
ज्या आवाजात हाक मारली
तो आवाज कुठल्या कागदावर नव्हता.

अकरा बेचाळीसला आमची नोंद झाली.
दवाखान्याचा दिवस बारा वाजता बदलतो.
अठरा मिनिटांसाठी आख्खा एक दिवस लागला,
खाटेचे चौऱ्याऐंशी रियाल.
रात्रीचा कारकून दिलगीर होता,
नियम त्याने केलेला नव्हता.

एकशे एकेचाळीस अधिक चौऱ्याऐंशी: दोनशे पंचवीस.
म्हणजे वाचवायला गेले आणि
साडेसहा रियाल जास्त गेले.
म्हणजे घरचे सहा तास साडेसहा रियालला पडले,
कच्च्या भातासकट, मरियमसकट,
स्वतःच्या न्हाणीघराच्या कडीसकट.
नावे लिहू की जमा,
पाकीट अजून उशीखाली आहे.

सात दहाला ती झाली.
नर्सने काट्यावर ठेवून आकडा वाचला:
तीन पूर्णांक एक चार शून्य.
दत्ताराम म्हणाला, तीन किलो शंभर-दीडशे.
मी पेन मागितलं,
आणि शेवटचं शून्यसुद्धा
नीट, गोल काढलं.